ऊडनाडाटा ट्रॅकची पहिली सफर: गाडी आणि तळ कसा तयार कराल

मेलबर्नमध्ये गणपती झाले की घरोघरी पुढच्या हिवाळ्याचे बेत सुरू होतात, आणि दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, "फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली आहे, आउटबॅकला (ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड, विरळ वस्तीच्या भागात) जायचंय, गाडीला काय काय लावू?" मीही पहिल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन दुकानांतून हिंडले होते. चुकीच्या वस्तूंवर पुष्कळ पैसे घालवल्यावर कळलं, की आधी गाडीवर किती वजन चढतंय ते बघायचं असतं. मग टायर, पाणी आणि संपर्क. बाकीचं सगळं त्यानंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. आधी रस्ता ठरवा

"आउटबॅक" एवढ्या मोघम शब्दावर तयारी होत नाही. सिम्प्सन वाळवंटाची तयारी वेगळी, किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडची वेगळी. पहिल्या खेपेला मी दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक सुचवते. मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता आहे. मारी ते विल्यम क्रीक, तिथून ऊडनाडाटा, तिथून मार्ला असे त्याचे जवळपास दोनदोनशे किलोमीटरचे तीन टप्पे पडतात आणि चारही ठिकाणी इंधन मिळतं. कोरडा असताना त्याला गाडी चालवण्याचं फार मोठं कसब लागत नाही, पण आउटबॅक म्हणजे काय ते तो पुरतं शिकवतो.

जुनी घान रेल्वे १९८० पर्यंत याच वाटेने जायची. पडकी स्टेशनं आणि अल्जेबकिनाचा लांबलचक लोखंडी पूल आजही उभा आहे. मारीला थोडं थांबाच. रेल्वे येण्याआधी इथला माल उंटांवरून जायचा. ते उंट आणि त्यांचे सारवान (उंट हाकणारे) मोठ्या संख्येने कराची बंदरातून आले, आणि त्या काळी कराची आपल्या मुंबई इलाख्यात होतं. इथले लोक त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले बरेच जण बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे होते. मारीतली त्यांच्या मशिदीची साधी प्रतिकृती पाहताना मला दरवेळी वाटतं, या वाटेवर आपल्याकडची माणसं आपल्या फार आधी येऊन गेली आहेत.

मे ते ऑगस्ट हेच महिने धरा. उन्हाळ्यात (इथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) जाऊ नका. २ जानेवारी १९६० ला ऊडनाडाटात ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. सिम्प्सन वाळवंटाची उद्यानं तर १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतात.

परवाने रस्त्यागणिक बदलतात. ऊडनाडाटा ट्रॅकवर नुसतं जायला परवाना लागत नाही. सिम्प्सनसाठी डेझर्ट पार्क्स पास लागतो, आणि लॅव्हर्टनहून उलुरूकडे जाणाऱ्या ग्रेट सेंट्रल रोडवर आदिवासी समाजांच्या जमिनीतून जाण्याचे परवाने आधी काढावे लागतात.

भाड्याने गाडी घेणार असाल तर करारातली 'कच्चा रस्ता' ही ओळ शोधून वाचा. पुष्कळ कंपन्या फोर-व्हील-ड्राइव्ह देतात, पण डांबर सोडायची परवानगी देत नाहीत. तसं केलंत तर विमा उरत नाही.

२. वजनकाट्यावर जाऊन या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जास्त लिहिते.

प्रत्येक गाडीला कंपनीने ठरवलेलं एकूण कमाल वजन असतं. त्याला जीव्हीएम म्हणतात. गाडी, माणसं, इंधन, पाणी, सामान, नंतर जोडलेली प्रत्येक वस्तू, सगळं त्यात येतं. समजा गाडीचं जीव्हीएम २,९९० किलो आहे आणि रिकामं वजन २,३००. हातात उरले ६९०. खूप वाटतात ना? आता मांडून बघा. पुढचा बुलबार (जनावर धडकलं तर गाडी वाचवणारा दांडा) ६५, मागचे ड्रॉवर ७०, दुसरी स्टेपनी ३५, टपावरचा तंबू ६५, भरलेला फ्रीज ४०, साठ लिटर पाणी ६०, चाळीस लिटर जादा डिझेल ३४, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून २६०, गाडी काढायचं सामान ३०, कपडे-भांडी-किराणा ६०. बेरीज ७१९. म्हणजे घरून निघतानाच गाडी मर्यादेबाहेर. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय खडबडीत रस्त्यावर स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर आणि चेसिस यांवर तो भार दिवसभर आदळत राहतो.

यातला सापळा असा, की कागदावरच्या 'टेअर' (रिकाम्या गाडीच्या) वजनात फक्त दहा लिटर इंधन धरलेलं असतं. टाकी भरली की साठ-सत्तर किलो आणखी वाढतात. म्हणून कागदावर विसंबू नका. सगळं भरून, सगळ्यांना बसवून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. खर्च थोडासाच येतो.

टपाची मर्यादा वेगळी असते. ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते आणि तिच्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरावं लागतं. पाणी, डिझेल, हत्यारं टपावर कधीही ठेवू नका. जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध. टपावर रिकामी बॅग, गाद्या, खुर्च्या, एवढंच. आम्ही पहिल्या वर्षी टपावर डिझेलचे दोन कॅन बांधले होते. विल्यम क्रीकच्या पुढे कॅरिअरचा एक बोल्ट तुटला, आणि उरलेला दिवस आम्ही दर वीस किलोमीटरला उतरून पट्टे आवळत काढला.

मी तर म्हणेन, पहिल्या सफरीला ड्रॉवर, टपावरचा तंबू, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) यांतलं काहीच घेऊ नका. प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे आणि चांगले पट्टे पुरतात. सीटमागे जाळी मात्र हवीच. ब्रेक मारल्यावर सुटलेला गॅसचा शेगडा मुलांच्या डोक्याशी येतो.

३. टायर, आणि त्यांतली हवा

पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. शहरातल्या रस्त्यांसाठीच्या टायरांची बाजू पातळ असते आणि धारदार दगडाने ती फाटते. 'एलटी' म्हणजे लाइट ट्रक बांधणीचे ऑल-टेरेन टायर घ्या. स्टेपन्या दोन, त्यातली एक नुसता टायर असली तरी चालेल. पंक्चर काढायचा दोरीचा संच, हवेचा कॉम्प्रेसर आणि मापक हे तिन्ही हवेत, आणि ते तिन्ही घरी एकदा तरी वापरून पाहिलेले हवेत.

आता हवा. डांबरावर आमच्या गाडीत ३८ पीएसआय असते. डांबर संपलं की मी चारही चाकं २८ वर आणते. मऊ वाळू लागली तर १८. हवा कमी केल्यावर टायर दगडावर चेपतो, त्याला गुंडाळून घेतो. फुगलेला टायर त्याच दगडावर ताठ आदळतो आणि फाटतो. हवा कमी केली की वेगही कमी करायचा. खडीवर ऐंशीच्या आत, वाळूत त्याहून खूप कमी. एलटी टायरसाठी अनुभवी लोक एक अंदाज वापरतात: गार टायर आणि तासभर चालून तापलेला टायर यांतला फरक साधारण सहा पीएसआयच्या आत असावा. फरक जास्त आला तर हवा फार कमी आहे, वेग जास्त आहे किंवा वजन जास्त आहे.

पहिल्या सफरीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डांबरावरची ३८ तशीच ठेवून आम्ही नव्वदने निघालो आणि दुपारपर्यंत मागचे दोन टायर गेले. स्टेपनी एकच होती. मागून आलेल्या एका स्टेशनवरच्या (इथे स्टेशन म्हणजे गुरांची अवाढव्य खासगी जमीन) गृहस्थांनी गाडी थांबवली, आधी पाणी आहे का विचारलं, मग उरलेल्या टायरांना हात लावून नुसती मान हलवली. त्यांनी फाटलेला टायर स्वतःच्या गाडीत टाकला, नवऱ्याला ऊडनाडाटाला नेलं, आणि मुलांना घेऊन मी सहा तास गाडीच्या सावलीत बसले. त्या दिवसापासून हवेचं मापक माझ्या दाराच्या खणात असतं.

चाक बदललंत तर पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळा. जॅकखाली ठेवायला जाड फळी न्या, नाहीतर जॅकच वाळूत रुततो.

४. अडकलात तर

गिअरचं थोडक्यात सांगते. डांबरावर टू-व्हील, खडीवर फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग), मऊ वाळूत, चिखलात किंवा अवघड चढउतारावर फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग). तुमची गाडी पार्ट-टाइम फोर-व्हील असेल तर कोरड्या डांबरावर फोरमध्ये चालवू नका. चाकांना घसरायला जागा मिळत नाही आणि गिअरांवर ताण चढत जातो.

रुतल्यावर पहिला उपाय फावडं आणि दुसरा उपाय हवा आणखी कमी करणं. दहापैकी नऊ वेळा तेवढ्यानेच गाडी निघते. अॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर चाकं खड्डा खणत गाडी पोटावर बसवतात. त्यानंतर रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाखाली सरकवायच्या दातेरी पट्ट्या. एकट्या गाडीने जाणाऱ्याला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

दुसऱ्या गाडीने टोचन करून ओढायचं असेल तर स्नॅच स्ट्रॅप लागतो. तो ताणला जातो आणि त्या ताणाने गाडी बाहेर येते. म्हणूनच तो धोक्याचाही असतो. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, तो कधीही अडकवू नका. गोळा तुटून काचेतून आत आल्याने ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत. भारक्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढायच्या मजबूत जागा) पुढे-मागे बसवून घ्या, शॅकलही (पट्टा जोडायच्या कड्या) तसेच भारक्षमता कोरलेले. पट्ट्यावर ओलं पोतं किंवा डॅम्पनर (तुटलेल्या पट्ट्याचा झटका अडवणारं जड कापड) टाका आणि बघ्यांना, विशेषतः मुलांना, पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. हे सगळं एक दिवस एखाद्या फोर-व्हील क्लबच्या प्रशिक्षणात करून बघणं उत्तम.

५. वीज

गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर फ्रीज चालवला की सकाळी गाडी सुरू होत नाही. त्यासाठी दुसरी बॅटरी आणि तिला गाडी चालू असताना भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. शंभर अँपिअर-तासांच्या एजीएम (लेड-अॅसिड प्रकारच्या) बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, आणि चाळीस लिटरचा फ्रीज दिवसाला साधारण तीस ते पन्नास अँपिअर-तास खातो. म्हणजे गाडी न हलवता एक दिवस निभतो. एकाच जागी जास्त राहणार असाल तर दीडशे-दोनशे वॉटचं घडीचं सौर पॅनेल घ्या. लिथियम बॅटरी हलकी असते, पण तिला बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नका. एवढं पुरे. यावर लोक महिनेच्या महिने खल करतात, पण फ्रीज नसला तरी सफर होते.

६. पाणी आणि इंधन

पाण्याचा माझा हिशेब माणशी दिवसाला सात लिटर, आणि ठरलेल्या दिवसांवर आणखी तीन दिवसांचा साठा. सगळं पाणी एका टाकीत भरू नका. एक दगड लागून टाकी फुटली तर सगळंच गेलं. दहादहा लिटरचे कॅन वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. वाटेतल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा खारट असतं, त्यावर विसंबू नका.

इंधन मिळेल तिथे टाकी भरा, अर्धी असली तरीही. वाळूत आणि समोरच्या वाऱ्यात गाडी घरच्यापेक्षा बरंच जास्त पिते. पेट्रोल गाडी असेल तर दुर्गम गावांत 'लो अॅरोमॅटिक' (अनेक जण त्याला 'ओपल' म्हणतात) इंधन मिळेल. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी तिथे साध्या अनलेडेडऐवजी ते ठेवतात. गाडीला ते चालतं, बिचकू नका.

७. संपर्क

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. आउटबॅकमध्ये टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचं जाळं सर्वांत दूरवर पोचतं, पण तेही गावापुरतं. तीन वस्तू लागतात.

पीएलबी: ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं मुठीएवढं यंत्र. जिवावर बेतलं तरच दाबायचं. 'ऑस्ट्रेलियन मॅरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटी'कडे त्याची नोंदणी मोफत होते. ती जरूर करा, म्हणजे हाक कोणाची ते शोधणाऱ्यांना लगेच कळतं.

उपग्रह फोन किंवा उपग्रह मेसेंजर: टायर फाटला, उशीर होतोय, असल्या जीव न जाणाऱ्या अडचणींसाठी. भाड्यानेही मिळतो.

यूएचएफ रेडिओ: रस्त्यावर चॅनल ४० लावा. ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी राखलेले आहेत, तिथे गप्पा मारू नका. तीनचार ट्रेलर जोडलेली, ५३ मीटरपर्यंत लांब रोडट्रेन ओलांडायची असेल तर ४० वर चालकाला विचारा. तो पुढचं बघून सांगतो.

आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालू लागू नका. १९६३ च्या डिसेंबरात इंग्लंडहून नव्याने आलेलं पाच जणांचं कुटुंब बर्ड्सव्हिल ट्रॅकवर अडकलं, गाडी सोडून निघालं आणि पाण्यावाचून गेलं. विमानातून गाडी दिसते. माणूस दिसत नाही.

८. तळ

सूर्य मावळायच्या दीड तास आधी थांबायचं. संध्याकाळी कांगारू, एमू, गुरं रस्त्यावर येतात, आणि उजेडात जागा निवडता येते. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नका. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी तिथे येऊ शकतं. मोठ्या गम झाडांखालीही नको, त्यांच्या जाड फांद्या वारा नसताना मोडून पडतात. गुरांच्या हौदापाशी मुक्काम केला तर ती पाणी प्यायला येत नाहीत, म्हणून तेही टाळायचं.

पहिल्या खेपेला कॉवर्ड स्प्रिंग्जला उतरा. मारी आणि विल्यम क्रीक यांच्या मधला हा खासगी तळ आहे. खजुराची झाडं आणि भूगर्भातल्या पाण्याचं छोटं कुंड आहे. जवळच्या वाबमा काडार्बूला जमिनीतून बुडबुडे काढणारे झरे बघायला मिळतात.

जमीन दगडी असते. तंबूबरोबर येणाऱ्या पातळ खुंट्या वाकतात, म्हणून जाड पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या. 'स्वॅग' म्हणजे गादीसकट गुंडाळायची जाड ताडपत्रीची वळकटी. ती पाच मिनिटांत पसरते. जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा शून्य अंशाची स्लीपिंग बॅग आणि लोकरीची टोपी हवी. दिवसा माश्या डोळ्यांत, नाकात शिरतात. टोपीवरून घालायची जाळी प्रत्येकाला एक.

शौचासाठी पाण्यापासून शंभर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. कचरा सगळा परत न्यायचा. शेकोटीआधी 'टोटल फायर बॅन' (उघड्यावर आग लावायला पूर्ण बंदी) आहे का बघायचं.

९. स्वयंपाक

पूर्वेकडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीचं क्वारंटाइन लागतं. मिल्ड्युराहून रेनमार्ककडे येताना यांबाला तपासणी नाका आहे. टोमॅटो, मिरच्या, वांगी, फळं तिथे काढून घेतात आणि न सांगता नेलीत तर दंड होतो. भाजी नाका ओलांडल्यावरच घ्या.

आमचा डबा असा: थालीपिठाची भाजणी, बेसन, पोहे, मुगाची डाळ आणि तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची सुकी चटणी. तीन लिटरचा कुकर नक्की न्या. गॅस निम्मा लागतो आणि पाणी वाफ होऊन जात नाही. कॉवर्ड स्प्रिंग्जला रात्री पाच अंशांत आम्ही मुगाची खिचडी लावली, तेव्हा पहिल्या शिट्टीला शेजारच्या तळावरचे आजीआजोबा टॉर्च घेऊन आले, त्यांना वाटलं गॅस फुटतोय. मग तेही ताटं घेऊन बसले.

१०. रस्त्यावर

सकाळी निघण्याआधी रस्त्याची अधिकृत स्थिती बघा. पाऊस पडला की माती साबणासारखी होते आणि रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गेलात तर जबर दंड होतो आणि तुमच्या चाकोऱ्या महिनोन्महिने राहतात. दोन दिवस जादा धरूनच निघा.

कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. त्यांच्यावर सगळं खिळखिळं होतं. रोज संध्याकाळी एक फेरी मारा: चाकांचे नट, कॅरिअर, बॅटरीचे पट्टे, शॉक अॅब्सॉर्बरखालचं तेल. फुफाटा आत येऊ नये म्हणून काचा बंद, पंखा चालू आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. आतला दाब वाढतो आणि धूळ बाहेर राहते. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर आपल्यामागे बंद करा.

सोबत ठेवायची कागदपत्रं: लायसन्स, नोंदणी आणि विम्याची प्रत, दुर्गम भागातून गाडी ओढून आणण्याचं संरक्षण (नसेल तर खर्च हजारो डॉलरांत जातो), मेडिकेअर किंवा आरोग्य विमा, पीएलबीची नोंदणी, लागतील ते परवाने, कागदी नकाशा.

हत्यारं आणि सुटे भाग: पान्यांचा संच, फॅनबेल्ट, रेडिएटरचे होज, इंधन आणि हवेचा फिल्टर, फ्यूज, इंजिन ऑइल, कूलंट, केबल टाय, तार, चिकटपट्टी, लांब दांड्याचं फावडं, अग्निशामक.

प्रथमोपचार: नेहमीची पेटी, रोजची औषधं दुप्पट दिवसांची, आणि सापासाठी रुंद इलॅस्टिक बँडेज किमान तीन. चावल्यावर जखम धुवायची नाही, कापायची नाही. अवयवाला खालपासून वरपर्यंत घट्ट बँडेज गुंडाळायचं, काठी बांधून तो स्थिर करायचा, माणसाला अजिबात चालवायचं नाही आणि मदत बोलवायची.

निघताना घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला मार्ग, मुक्काम आणि 'अमक्या दिवशी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव' असं लिहून द्या. मार्लाला डांबर लागलं की कॉम्प्रेसर काढून टायर ३८ वर आणायचे. पण ते करण्याआधी त्या माणसाला फोन करा, कारण तो घड्याळाकडे बघत बसलेला असतो.